शेपूट नसलेलं विमान

अंबडच्या बसस्थानकावर भजी ज्या कागदात बांधून मिळाली, त्या कागदावर अर्धं विमान होतं. कुठल्या तरी जुन्या मासिकाचं पान. वरचा भाग फाटलेला, खालची ओळ तेलात विरघळलेली. विमानाला दोन शेपट्या होत्या आणि मधोमध काचेची खोली टांगल्यासारखं काहीतरी होतं. भजी संपली, जालन्याची बस लागली आणि मी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. नवरा म्हणाला, पर्सला तेल लागेल. लागलंच. ती पर्स पुढे टाकून द्यावी लागली, कागद मात्र अजून आहे.

तोवर विमान मी फक्त डोक्यावरून जाताना पाहिलं होतं, तेही गच्चीवर धुणं वाळत घालताना मान वर झाली तर. विमानात मी आजपर्यंत बसलेले नाही, हे आधीच सांगून टाकते, नाही तर पुढे वाचून कुणाची निराशा व्हायची. बसायची फारशी हौसही नाही. मला ते ओळखायचं असतं.

याला माझी नोकरी जबाबदार आहे. जालना एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं दाणे बघते आहे. पांढऱ्या टेबलावर नमुना पसरायचा, भिंग घ्यायचं आणि भेसळीचा दाणा शोधायचा. बाहेरच्या माणसाला सगळे दाणे सारखेच दिसतात. मलाही पहिली दोन वर्षं तसेच दिसायचे. मग एक दिवस असा येतो की शेकडो दाण्यांतला एकच दाणा आपण होऊन डोळ्यांत खुपतो. एकदा ही खोड लागली की ती टेबलापुरती राहत नाही. लग्नात पंगतीत वाढणाऱ्यांतला वराकडचा कोण आणि वधूकडचा कोण, हे मी कुणाला न विचारता सांगते, आणि सहसा चुकत नाही. असल्या बाईच्या हातात बिननावाचं अर्धं विमान आल्यावर दुसरं काय होणार?

पंधरा दिवस मी फोनवर शोधत होते. विमान सापडलं नाही, पण माझ्यासारखेच खुळे लोक सापडले. मराठीतून चालणारा एक ग्रुप, जेमतेम तीस माणसं. त्यात नाशिककडचे एक निवृत्त विमान-मेकॅनिक आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. मी भज्यांच्या कागदाचा फोटो टाकला. काकांनी चार मिनिटांत विमान ओळखलं आणि भजी कशाची होती तेही विचारलं. मी त्याच दिवशी त्यांच्यातली झाले.

ग्रुपचे नियम कडक आहेत. कुणीतरी एखाद्या दुर्मीळ विमानाचा फोटो टाकतो. उत्तर त्याच्यापाशी असतं, बाकीच्यांनी ओळखायचं. फोनलाच फोटो दाखवून उत्तर काढायचं नाही. तसं कुणी केलं तर लगेच कळतं, कारण नुसतं नाव चालत नाही, सोबत खूण द्यावी लागते. म्हणजे कशावरून ओळखलं ते. चाकाचं झाकण, खिडकीचा कोपरा, पंखाचं टोक, काहीही. खूण पटली तरच उत्तर मान्य, आणि ज्याचं उत्तर मान्य त्यानं पुढचा फोटो टाकायचा. फोटोत विमान असलंच पाहिजे, हाही एक नियम आहे. तो काकांना नंतर लिहावा लागला, कारण एकानं विमानाच्या आकाराचा केक टाकला होता.

एकदा तर मी नुसत्या सावलीवरून विमान ओळखलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. एकीनं विचारलं, मग त्याचं काय मिळतं? काही मिळत नाही. रोज संध्याकाळी कामावरून येऊन हातपाय धुतले, चहा घेतला आणि फोन उघडला की कुठल्या कुठल्या देशांत बनलेली, लोकांनी विसरून टाकलेली विमानं माझ्या पुढ्यात येऊन बसतात, आणि मी सुखी असते. पोळी करपते कधी कधी. नवरा रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाशी झुंजून आलेला असतो, तो करपलेल्या पोळीला घाबरत नाही.

पण आमच्या घरात विमान माझ्या आधी आबांनी आणलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडे, जालन्यात मस्तगडला राहतात. सत्तरी ओलांडली आहे. मी जन्मायच्या आधी, विशी-बाविशीत, ते अंबडच्या बाजूला दुसऱ्यांच्या कपाशीत रोजानं जायचे. त्या काळात दोन हंगाम तिकडच्या कपाशीवर विमानानं औषध फवारलं होतं. विमानाला वरून सरळ रेघ कशी कळणार? म्हणून शेताच्या दोन टोकांना दोन माणसं झेंडा घेऊन उभी करायचे. विमान झेंड्यावर नेम धरून यायचं आणि औषधाचा पट्टा सोडत जायचं. मग झेंडेवाल्यानं वीस पावलं बाजूला सरकायचं आणि पुढच्या पट्ट्यासाठी पुन्हा उभं राहायचं. त्यातला एक झेंडा आबांच्या हातात होता.

ही गोष्ट आम्ही भावंडं कळायला लागल्यापासून ऐकत आलो. सुरुवात ठरलेली असायची, "विमान माझ्या इशाऱ्यावर चालायचं." त्यावरून गावात त्यांचं नाव पायलट पडलं. अजूनही अंबडच्या बाजारात त्यांच्या वयाचं कुणी भेटलं तर, काय पायलट, असंच म्हणतं. आबांना त्याचा राग नसे. ते थांबत आणि विमान कसं होतं ते पहिल्यापासून सांगत. पिवळं होतं. मधे उंच टोपी, त्या टोपीत पायलट बसायचा. टोपीपासून दोन्ही पंखांवर छपराच्या वाशासारखे दांडे उतरलेले. आणि त्याला शेपूट नव्हतं.

इथे सगळे हसायचे. आईसुद्धा पदर तोंडाला लावायची. आबा शांतपणे म्हणायचे, "हसा. म्या पाह्यलंय तेच सांगून राह्यलो."

पुढे आबांनी आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाची पोती उचलली. पोत्यांची गोष्ट ते कधी सांगत नाहीत.

मला विमानांचं वेड लागलं तेव्हा सगळ्यात खूश आबा झाले. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसत. विमानांकडे ते बैलबाजारातल्यासारखं बघत. हे नाकाडं आहे, हे पोटुशी दिसतं, ह्याच्या पायांत दम नाही. त्यांच्या शेऱ्यांवरून मला एक-दोनदा खरोखरच खूण सापडली. "लंगडतंय हे," असं ते एका विमानाला म्हणाले, आणि नीट पाहिलं तर त्याचं एक चाक दुसऱ्यापेक्षा बारीक होतं.

ग्रुपमध्ये थोडं नाव झाल्यावर साहजिकच मला वाटलं, आबांचं विमान आपण शोधून द्यावं. तसं ते अवघड नव्हतं. आपल्याकडे त्या काळात फवारणीला वापरलेल्या विमानांच्या जाती चार-पाचच. एक अमेरिकेची, एक कॅनडाची, एक दोन मजली पंखांची, आणि एक आपल्याच देशात, बेंगळुरूला बनलेली, बसंत नावाची. बसंत मोजकीच बनली आणि मग बंद पडली. टोपी होती, वासे होते. आबांचं विमान बसंतच असणार असं मला मनातून वाटत होतं, आणि तसं निघालं असतं तर मी वर्षभर ग्रुपमध्ये मिरवलं असतं. मी प्रत्येक जातीचा छान स्वच्छ फोटो शोधला, अगदी बाजूनं घेतलेला, नाकापासून टोकापर्यंत सगळं दिसेल असा, आणि एका रविवारी चहा झाल्यावर आबांपुढे ठेवले.

आबांनी चष्मा लावला. एकेक बघत गेले आणि मान हलवत गेले. बसंतवर जरा थांबले.

"न्हाई," ते म्हणाले. "हे लई लांबडं हाय. माझं इतकं लांब नव्हतं. अन् ह्याला शेपूट हाय."

मी पुन्हा दाखवलं. पुन्हा नाही. दुसऱ्या रविवारी दाखवलं, तिसऱ्या रविवारी दाखवलं. नाही म्हणजे बिलकुल नाही. प्रयोगशाळेत असा नमुना आला तर आम्ही शेरा मारतो, जुळत नाही. मी मनात तोच मारला. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, कुठून तरी लांबून पाहिलं असेल, पाहिलेल्यात ऐकलेलं मिसळलं असेल. भेसळ झाली असेल. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी एवढी मेहनत करून आणलं, आणि हे एकालाही हो म्हणत नाहीत.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला नेहमीसारखे आम्ही सगळे भावाकडे, अंबडजवळच्या आमच्या गावी जमलो. विहारात वंदना झाली, घरी खीर झाली, आणि जेवणं उरकून सगळे ओसरीवर पसरले. भाच्यानं आबांना विमानाचं सांगायला लावलं. आबा सरसावून बसले. विमान माझ्या इशाऱ्यावर, इतकंच त्यांच्या तोंडून निघालं असेल, तेवढ्यात माझा आत्येभाऊ मला म्हणाला की आता तू विमानांतली मास्तरीण झालीस, तूच सांग, बिनशेपटाचं विमान असतं का?

मी काय बोलायला हवं होतं ते मला आज नीट माहीत आहे. तेव्हा मी म्हणाले, "सगळी विमानं दाखवली मी त्यांना. एक बी ओळखता आलं न्हाई. दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं असंल."

हशा पिकला. आबाही हसले. मग त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला आणि यंदा ऊन किती आहे यावर बोलू लागले.

वेगळं काही घडलं नाही, म्हणून मला काही कळलंही नाही. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की संध्याकाळी मी फोन घेऊन बसले की आबा आतल्या खोलीत जातात. शेजारच्यांनी विमानाचा विषय काढला तर, होतं काहीतरी, म्हणून सोडून देतात. बाजारात कुणी पायलट म्हटलं की आधी ते थांबायचे, आता चालत राहतात. मी एकदा मुद्दाम एक विचित्र नाकाचं विमान त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, हे कसं वाटतं?

"आपल्याला काय कळतंय त्यातलं, बाई," ते म्हणाले. "तू शिकलेली हायस."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि दोन दिवसांत सगळं मिटलं असतं. ते त्यांना खरंच वाटत होतं. भर तारुण्यात त्या माणसाच्या वाट्याला एकच काम असं आलं होतं की ज्यात सगळं त्यांच्यावर अवलंबून होतं, आणि ते मी चारचौघांत त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. बरं, परत तरी कसं देणार? सगळे फोटो दाखवून झाले होते. मी खोटंच म्हटलं असतं की सापडलं तुमचं विमान, तर आबांनी चष्मा लावून बघितलं असतं आणि नाही म्हणाले असते.

असं जवळजवळ दीड वर्ष गेलं.

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना काकांनी ग्रुपवर एक फोटो टाकला. काळा-पांढरा, पुसट. एक विमान थेट समोरून येतंय, इतकं खालून की चाकं पिकाला लागतील. समोरून घेतलेला फोटो म्हणजे आमची परीक्षाच असते. लांबी कळत नाही, शेपूट दिसत नाही, खिडक्यांचा आकार लपतो. आम्ही पाठ केलेल्या सगळ्या खुणा बाजूनं बघायच्या असतात. तीन दिवस कुणालाच जमेना. कुणी अमेरिकेचं म्हणालं, कुणी पोलंडचं, पण खूण विचारली की गप्प. मला बसंतचा संशय येत होता. ग्रुपमध्ये संशयाला किंमत नाही.

चौथ्या दिवशी रविवार होता. नवऱ्याची पहिली पाळी होती. मोठा दिसावा म्हणून मी तो फोटो टीव्हीवर लावला आणि खुर्ची पुढे ओढून भिंग घेऊन बसले. टीव्हीला भिंग लावून बघणारी बाई सगळ्या मस्तगडात मीच असेन. आबा अंघोळ करून बाहेर आले. खांद्यावर पांढरा टॉवेल होता. ते आतल्या खोलीकडे निघाले होते, टीव्ही दिसला आणि थबकले.

मला वाटलं चहा मागतील. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातात धरला आणि हात सरळ वर केला. तसेच ताठ उभे राहिले, डोळे टीव्हीवर. मग एकदम मान खाली घातली आणि डावीकडे चालू लागले. ओठ हलत होते. आमची खोली ती केवढी, सातव्या पावलाला कपाट आलं. तिथे ते कपाटाकडे तोंड करून थांबले, आणि टॉवेल डोक्यावरून घेऊन तोंडावर ओढला.

मी भिंग खाली ठेवलं. "आबा, तोंड कशाला झाकलं?"

"मंग? औषध पडतंय ना वरून," टॉवेलातून आवाज आला. "आम्हाला पोतं दिल्यालं असायचं. डोळ्यांत गेलं की दोन दिवस आग."

"अन् ते डोक्यावरून गेल्यावर मागून बघत नव्हता?"

त्यांनी टॉवेल काढला. त्यांचा चेहरा जरा लाजल्यासारखा झाला होता, आपण हे काय केलं म्हणून. "बघायला टाइम कुठं व्हता? पोतं काढस्तवर ते पार लांब गेल्यालं असायचं. जल्दी जल्दी पलीकडच्या झेंड्याशी लाईन धरावी लागायची. तवर ते वळून परत समोर. एक पाऊल चुकलं तर मधला पट्टा कोरडा राह्यचा, अन् अळी बराबर तेवढाच खायची."

"म्हंजी तुम्ही ते कायम समोरूनच पाह्यलं."

"ते माझ्याकडंच येत व्हतं ना, बाई," आबा म्हणाले. "दुसऱ्या अंगानं कसं दिसंल?"

प्रयोगशाळेत मी रोज प्रत्येक दाणा चिमट्यानं उलटून दोन्ही अंगांनी बघते. नवीन मुलींना पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच शिकवते. आणि आबांना मी सगळी विमानं एकाच बाजूनं दाखवली होती, ज्या बाजूनं त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. बसंत त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं आणि ते नाही म्हणाले होते, कारण न बघितलेल्या गोष्टीला हो म्हणणाऱ्यांतले ते नाहीत. टोपीच्या मागे दडलेलं शेपूट त्यांना दिसलं नव्हतं, म्हणून ते नव्हतं म्हणाले. पन्नास वर्षं त्यांनी त्यात पदरचं एक अक्षर घातलं नव्हतं. भेसळ माझ्या बघण्यात होती.

मला रडू आलं. आबांनी टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हरलीस का?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, हो.

मग डोळे पुसून मी ग्रुपवर उत्तर लिहिलं. बसंत. खूण: माझे वडील झेंडा घेऊन याच्यासमोर उभे राहायचे, त्यांनी ओळखलं.

ही खूण नियमात बसते का, हे कुणालाच ठाऊक नसावं. मग काकांनी एकच प्रश्न विचारला. किती पावलं सरकायचे? मी आबांना विचारलं. ते शर्टाची बटणं लावत होते, मान वर न करता म्हणाले, "वीस. वारं येतंय त्या अंगाला."

मी तसं लिहिलं. काकांनी लिहिलं, उत्तर मान्य. त्याखाली त्यांनी आणखी बरंच लिहिलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला ते अशाच एका विमानापाशी, माळावरच्या कच्च्या धावपट्टीवर, टाकीत औषध भरायला असायचे. शेतातले झेंडेवाले त्यांनी कधी पाहिले नाहीत. पण पायलट खाली उतरला की पहिलं वाक्य झेंडेवाल्याबद्दल असायचं. आज माणूस चांगला होता, म्हणजे दिवस चांगला गेला. हा फोटो कुणी काढला ते काकांना माहीत नव्हतं, जुन्या ट्रंकेत सापडला होता.

मी ते आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, परत वाच. तीनदा वाचलं. त्या संध्याकाळी मी फोन घेऊन बसले तेव्हा ते शेजारी येऊन बसले, आणि ग्रुपवर मागे कधीतरी येऊन गेलेल्या एका जुन्या समुद्री विमानाला म्हणाले की हे म्हशीसारखं पाण्यात बसलंय, उठायचं नाही.

घरातल्या घरात सगळं गोड झालं. पण चूक मी ओसरीवर केली होती, दहा माणसांत. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, पुन्हा सगळे गावी जमले. तीच ओसरी, तेच लोक, जेवणानंतरचं तेच पसरणं. मला माफी मागता येत नाही. नवऱ्याला विचारा, त्यानं लग्नापासून वाट पाहिली आहे. पण त्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी इथं बसून आबांबद्दल बोलले व्हते, ते चूक व्हतं. विमान व्हतं, अन् ते सांगतात तस्संच व्हतं. ओळखता मला आलं न्हाई."

फोन हातोहात फिरला. आत्येभावानं फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, खरंच की, शेपूट कुठं दिसतच नाही. कुणी हसलं नाही. आबा छताकडे बघत होते. भाचा त्यांच्याजवळ सरकून म्हणाला, आबा, आता पहिल्यापासून सांगा. आबांनी आढेवेढे घेतले, घसा खाकरला, आणि सांगितलं. रोजानं कामाला गेल्तो, उंच हायस म्हणून झेंडा हातात दिला, इथपासून. मी ती गोष्ट शंभरदा ऐकली असेन. त्या दिवशी पहिल्यांदा त्यात मला झेंड्याच्या काठीवरच्या घामाचा आणि औषधाचा वास आला.

अजून एक काम बाकी होतं. नियमाप्रमाणे पुढचा फोटो ओळखणाऱ्यानं टाकायचा, आणि ग्रुप कधीचा खोळंबला होता. आबांकडे कुठला फोटो असणार? मी म्हटलं, चला, काढू या.

घरामागे भावाची कपाशी छातीला लागत होती, पहिली वेचणी व्हायची होती. आबांनी लांब काठी मागितली. भाच्यानं काठीला पांढरं उपरणं बांधून दिलं. आबा सरींमधून चालत पार पलीकडच्या बांधावर गेले. मी इकडे विहिरीजवळच्या पाण्याच्या टाकीची शिडी चढले, साडी खोचून, एका हातात फोन. खाली सगळं गणगोत उभं राहून मला जपून जा म्हणत होतं. वरून फोन समोर धरला. पांढरी बोंडं फुटलेलं हिरवं रान, आणि रानाच्या टोकाला मधोमध एक माणूस. त्यांनी दोन पावलं इकडे, एक पाऊल तिकडे करून जागा धरली. मग झेंडा वर गेला आणि स्थिर झाला. एवढ्या वर्षांत मी आबांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. जिनिंगमधून येताना ते नेहमी वाकलेले असायचे.

फोटो काढला आणि तिथूनच टाकला. खाली लिहिलं, ओळखा. फोटोत विमान पाहिजे हा नियम मला माहीत होता. मी शिडी उतरून खाली येईपर्यंत काकांचं उत्तर आलं होतं. बसंत. पायलटच्या जागेवरून.

आबा कपाशीतून परत आले. काठी भाच्याकडे दिली, कपाळ पुसलं आणि हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. इतके दिवस ते विमान त्यांनी बघितलं होतं. विमानातून काय दिसायचं ते आज बघत होते.

"अस्सा दिसायचो व्हय मी त्याला," ते म्हणाले. "मंग चुकंल कसं ते."